पोट्टं नशा करून राहिलं, आता चोरीतही सापडलं: घरच्यांनी सुरुवात कुठून करायची

मी ना डॉक्टर ना वकील, मी मामा आहे. माझ्या मोठ्या ताईचा पोरगा सोळाव्या वर्षी दोन पोट्ट्यांबरोबर ई-रिक्षाच्या बॅटऱ्या काढताना पकडला गेला, आणि खिशात पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब अन् कडक झालेला रुमाल सापडला. त्याला आता तीन वर्षं होऊन राहिली. या तीन वर्षांत आम्ही आधी सगळं उलटं केलं, मग हळूहळू थोडं सुलटं केलं, आणि आता ओळखीतले लोक फोन करून विचारतात की भाऊ, आमच्याही घरी असंच सुरू आहे, काय करायचं. दरवेळी तासभर फोनवर बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. लांब आहे पण वाचा, व्यसनमुक्ती सेंटरवाला भाग तर नक्कीच वाचा.

"काऊन करतो" विचारणं बंद करा

आम्ही वर्षभर तेच विचारलं. काऊन करतो बे, काय कमी आहे तुले, मायकडं तरी पाय. पोट्टा खाली मान घालून उभा. त्याला उत्तर माहीत असतं तर दिलं नसतं का.

त्यापेक्षा "कधी" ते बघा. मी दोनशे पानांची एक वही आणली आणि ताईला सांगितलं की रोज फक्त एवढंच लिही: घरातून किती वाजता गेला, किती वाजता आला, झोपला कधी, चिडला तर त्याच्या आधी घरात नेमकं काय झालं होतं, कोण काय बोललं, कसला आवाज आला. पंधरा दिवस लिहा. पोराला दाखवून "हे बघ तुझे कारनामे" करायचं नाही, नाहीतर वही चुलीत जाईल आणि भरवसाही.

आमच्या वहीत दोन गोष्टी दिसल्या. एक, तो गायब व्हायचा तो बहुतेक संध्याकाळी सातच्या आसपास. दुसरी, कूलर. डिसेंबर महिना, ताई दोन गोधड्या घेऊन झोपते अन् हा टाकीत पाणी न टाकता कूलर फुल स्पीडवर सोडून, डोक्यावरून चादर ओढून झोपतो. बिल येते म्हणून ताईने प्लग काढला की घरात रणकंदन, एकदा तर त्याने लाथ मारून कूलरची जाळीच फोडली. आम्ही म्हणायचो, नशेनं डोकं फिरलं.

घर नागपूरजवळ वाडीला आहे, अमरावती रोडपासून थोडं आत. ट्रान्सपोर्टची गोडाऊनं, रात्रभर ट्रक. आणि हा पोरगा अकरा वर्षांचा असताना बापाच्या गाडीवर मागे बसला होता तेव्हा ती गाडी ट्रकखाली गेली. संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास. भाऊजी जागीच गेले. पोराला कोपराला अन् गुडघ्याला खरचटलं, दवाखान्याच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं आहे. तेरवीला आलेला प्रत्येक माणूस म्हणे, पोट्टा वाचला, देवाची कृपा. मी स्वतः त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, रडू नको बाळा, आता तूच घरचा माणूस. तो रडला नाही. आम्हाला वाटलं किती समजदार आहे.

कूलर ट्रकचा आवाज झाकायचा. पाच वर्षं आम्ही एका घरात राहून हे कोणाला कळलं नाही.

तुमच्याकडे ट्रक नसेल, दुसरं काही असेल. बापाचा रोजचा मार, मायला मार खाताना बघणं, नात्यातल्याच कोणी केलेला घाण स्पर्श, होस्टेलमधला छळ. आपल्या विदर्भात तर असे कितीतरी पोरं आहेत ज्यांनी सकाळी गोठ्यात जाऊन बापाला बघितलं आणि महिन्याभरात त्यांना नागपूरला काका-मामाकडे शिकायला पाठवून दिलं, नवीन शाळा, नवीन दप्तर, झालं, विषय संपला. वहीत हे शोधा: झोपेत ओरडणं, अचानक आवाजाने दचकणं, एखादा रस्ता किंवा माणूस टाळणं, त्या विषयावर एकदम दगड होणं, कशातच मन न लागणं, क्षुल्लक गोष्टीवर भडकणं. अशातलं बरंच काही महिनाभरापेक्षा जास्त टिकलं असेल तर डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे, वयाचा दोष नव्हे.

नशा हे त्याने शोधलेलं औषध असते

हे समजल्याशिवाय पुढचं काही जमणार नाही म्हणून जरा थांबतो. डॉक्टरनी आम्हाला असं समजावलं की मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग असतो, अमिग्डाला, आणि कपाळामागचा भाग त्याला "शांत हो, काही नाही" म्हणतो. हा कपाळामागचा भाग तसाही पंचविशीपर्यंत पुरता पिकत नाही. लहानपणी मोठा धक्का बसला आणि त्यावर इलाज झाला नाही तर घंटा वाजतच राहते. मग बारा-तेरा वर्षांचा पोरगा पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन बघतो, थोडं बरं वाटते, मग कोणीतरी पन्नीत सोल्युशन टाकून देतो, मग गांजा, मग एमडी म्हणजे मेफेड्रोनची पावडर. भाच्याने डॉक्टरसमोर सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहितो: "ते ओढलं का मामा, डोक्यातला ट्रक बंद होते."

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियान यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं, की माणूस मजेसाठी कमी आणि दुखणं दाबायला जास्त नशा करतो. मग १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांचा अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधला मोठा अभ्यास आला. लहानपणी मार, लैंगिक अत्याचार, घरात हिंसा, घरात व्यसनी किंवा तुरुंगात गेलेला माणूस अशा गोष्टी मोजल्या. ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा जास्त गोष्टी आल्या त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न झालेल्यांपेक्षा ४ ते १२ पट. आणि हे कोणत्या झोपडपट्टीतले लोक नव्हते, विमा असलेले, बहुतेक शिकलेले मध्यमवर्गीय.

आता चोरीचं. नशेला रोज पैसा लागतो हा सरळ रस्ता, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा रस्ता संगतीचा, घरी झोप नाही म्हणून रात्री दोन वाजता जो जागा असतो त्याच्याजवळ जाऊन बसतो, आणि रात्री दोनला कोण जागं असते ते सांगायला नको. तिसरा रस्ता म्हणजे तीच अडकलेली घंटा, कोणी नुसती कॉलर धरली तरी शरीराला वाटते जीव घेऊन राहिला, आणि हात चालतो. चाकूवाल्या काही केसेस अशाही होतात.

पण म्हणून "मार खाल्लेलं पोरगं गुन्हेगारच होणार" असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे. कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये अत्याचार किंवा हेळसांड झालेल्या ९०८ मुलांची तुलना तशाच घरांतल्या दुसऱ्या मुलांशी केली. अल्पवयात गुन्ह्यात सापडले ते १०० मागे २६, दुसऱ्या गटात १७. फरक आहेच, पण उरलेले ७४ पण बघा ना.

आणि हे कारण आहे, माफीनामा नाही. ज्याची बॅटरी गेली त्या ई-रिक्षावाल्याचा धंदा बुडाला, त्याच्याही घरी पोरं आहेत. भाचा सुधारल्यावर आम्ही त्याला घेऊन त्या माणसाकडे गेलो, पैसे दिले. त्याने पैसे घेतले अन् दार लावून घेतलं. बरोबरच केलं त्याने.

बोलायचं कसं

घरात, समोरासमोर, चार मोठे बसलेत आणि मधात पोरगा, हे न्यायालय आहे, बोलणं नाही. गाडीवर बोला किंवा चालताना, जिथे डोळ्यात बघावं लागत नाही. मी त्याला सकाळी तर्री पोहे खायला नेलं आणि परत येताना फुटाळा तलावाच्या काठावर एकच वाक्य बोललो, "बाबांच्या त्या दिवशी तुले कोणी काहीच विचारलं नाही, मीबी नाही विचारलं, माझं चुकलं." आणि गप बसलो. तो काही बोलला नाही. नऊ दिवसांनी रात्री साडेअकराला फोन करून बोलला.

खोदून खोदून विचारू नका. "सगळं सांग, मोकळा हो, रड" हे सिनेमात ठीक. जखमेचं सगळं वर्णन तयारीशिवाय करायला लावलं की पोरगं परत तिथेच जाऊन पडते आणि त्या रात्री जास्त नशा करते. ते काम शिकलेल्या माणसाचं. आपलं काम म्हणजे जेवढं सांगितलं तेवढं ऐकणं आणि "मग तू तेव्हा ओरडला काऊन नाही" असले प्रश्न न विचारणं.

दोन गोष्टी ऐकल्या तर मात्र थांबायचं नाही. मरायची भाषा केली तर सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्याने विचार येत नाही, उलट हलकं वाटते, आणि त्याला एकटं सोडू नका, लगेच १४४१६ ही मानसिक आरोग्याची लाइन लावा. आणि कोणी मोठ्याने घाणेरडं केल्याचं सांगितलं, मुलगा असो की मुलगी, तर ते पॉक्सोत येते, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा २०१२ चा कायदा आहे आणि त्यात कळूनही तक्रार न करणं हाच गुन्हा आहे. "घरची इज्जत" वगैरे बाजूला. १०९८ या लहान मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

नागपुरात जायचं कुठे

फोनपासून सुरू करा, पैसे लागत नाहीत. १४४१६ म्हणजे टेली-मानस, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची लाइन, मराठीत बोलता येते. नशेसाठी वेगळा नंबर १४४४६.

प्रत्यक्ष जायचं तर मेडिकल अन् मेयो हे दोन सरकारी दवाखाने, आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. कोराडी रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, इंग्रजांच्या काळातलं. ऑटोवाला आजही "पागलखाना चौक" म्हणते आणि ताई तेवढ्याच शब्दाने दोन महिने तिकडे जायला तयार नव्हती. शेवटी आम्ही मेडिकलला गेलो, कारण तिथे कोणी दिसलं तर "बीपी दाखवायला आलो" म्हणता येते. हसू नका, अशा गोष्टींवरच घोडं अडते. सकाळी लवकर जा, डबा न्या, गर्दी असते.

केसपेपर काढताना "पोरगं नशा करते" एवढंच सांगू नका. डॉक्टरला पहिल्या दोन मिनिटांत दोन्ही सांगा: अमुक वर्षी हे झालं आणि तमुक वर्षापासून नशा. वही दाखवा. पुष्कळ ठिकाणी सांगतात की आधी नशा सोडवा मग डोक्याचं बघू. आम्ही तसंच केलं होतं आणि तीन वेळा आपटलो. नशा काढून घेतली, ट्रक तसाच होता, पोरगं पुन्हा तिकडेच गेलं. दोन्हीचा इलाज सोबत चालला पाहिजे हे आग्रहाने मागा. विचारा की ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर, म्हणजे अशा धक्क्यावरच्या मानसोपचाराच्या दोन पद्धती, कोण करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही पद्धती सांगितल्या आहेत. त्यात आधी झोप, श्वास, शरीर शांत करायचं शिकवतात आणि मग हळूहळू त्या दिवसाकडे नेतात. भाच्याला घरी करायला दिलं होतं ते साधं: ट्रकचा हॉर्न आला की पाय जमिनीवर टेकव, माठातल्या गार पाण्यात हात घाल, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. सुरुवातीला लाजायचा. त्याची आजी मात्र मधातच ओरडायची, "पाट, पोळपाट, लाटणं," आणि दोघं हसायचे.

जीवावर बेतणाऱ्या चुका

रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम बंद करू नका. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावतो सुद्धा. ते दवाखान्यात, औषधाखाली करायचं.

सोल्युशन किंवा थिनर हुंगून बसलेल्या पोराच्या मागे धावू नका, अंगावर ओरडू नका. त्या वाफेने हृदय नाजूक झालेलं असते, घाबरलं किंवा पळालं की ठोके बिघडून जागेवर मरू शकते. हळू आवाजात बोला, मोकळ्या हवेत आणून बसवा, शुद्ध जात असेल तर १०८. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला रेल्वे लाइनपर्यंत पळवत नेलं नसतं. आठवलं तरी आजही पोटात गोळा येतो.

ब्राऊन शुगर म्हणजे हेरॉइन घेणारा महिनाभर सेंटरमध्ये किंवा जेलात राहून आला आणि बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतली तर श्वास बंद पडतो, शरीराची सवय गेलेली असते.

आणि ती जाहिरात, "जेवणात गुपचूप मिसळा, दारू सुटेल." त्यात बहुतेक काय असते माहीत नाही ते सोडा, डायसल्फिरामची गोळी असेल आणि त्यावर माणूस प्यायला तर बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो. ते औषध खरं आहे पण ते पेशंटला सांगूनच, तपासण्या करूनच द्यायचं असते.

सेंटरवाला भाग

आम्ही एका खासगी सेंटरमध्ये त्याला टाकलं होतं. नाव घेत नाही. रात्री चार जण गाडी घेऊन आले आणि झोपेतून उचलून नेलं, ज्या पोराला झोपच येत नाही त्याला. पस्तीस दिवस भेटू दिलं नाही. परत आला तेव्हा दाराची कडी वाजली तरी भिंतीला टेकायचा. एका जखमेवर दुसरी जखम आम्ही पैसे देऊन विकत घेतली.

म्हणून हे विचारून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, कागद दाखवा म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतो. साखळीने बांधायला या कायद्यात सरळ बंदी आहे. आणि पोरगं १८ च्या आतलं असेल तर मोठ्यांपासून वेगळं ठेवणं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहणं हे त्याच कायद्यात आहे, "आमच्याकडे घरच्यांना परवानगी नाही" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

पोलिसांचा फोन आला तर

पळू नका आणि ओळखीच्या नगरसेवकाच्या मागेही लागू नका. पोरगं १८ च्या आतलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला घेऊन जा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण फुकट देते, लहान मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००. मंडळासमोर अपघाताचे कागद, ओपीडीचे कागद, वही, सगळं द्या. मंडळ पोराला समज देऊन घरी सोडू शकते, समुपदेशन, समाजसेवा लावू शकते. आणि किरकोळ प्रकरणाचा डाग पुढे नोकरीच्या आड येऊ नये अशी तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे "आता आयुष्य गेलं" हे पोरासमोर बोलू नका.

मोठ्या माणसाचं, म्हणजे १८ च्या वरचं, ड्रग्जचं प्रकरण असेल तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४ अ वकिलाला विचारा. थोड्या प्रमाणात किंवा स्वतः वापरण्यावरूनच केस असेल आणि व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी इलाज घ्यायला तयार असेल तर खटल्यापासून सूट आहे. विकणाऱ्याला नाही. आणि लहान पोराला नशेचा माल देणाऱ्यावर बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्या पानठेलेवाल्याचं नाव लपवू नका.

इलाज सुरू झाल्यावर

संध्याकाळचे सात ते नऊ भरा. आमच्याकडे फुटबॉल कामी आला. नागपूरचंच उदाहरण आहे, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या पोरांना घेऊन २००१ मध्ये स्लम सॉकर उभं केलं. तसं काही जवळ नसेल तर तालीम, ढोल पथक, गॅरेजचं काम, काहीही, फक्त शरीर थकलं पाहिजे आणि एखादं मोठं माणूस रोज "आला का रे" म्हणणारं पाहिजे.

तो घसरेल. आमचा चार वेळा घसरला. त्या दिवशी दार उघडा, जेवायला वाढा, बोलणं सकाळी. पैसे हातात देऊ नका, डबा द्या, बसचं तिकीट काढून द्या. आणि मायला सांभाळा, ताईला स्वतःला झोपेची गोळी सुरू झाली होती हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. नवरा तिचाही गेला होता ना.

कूलर आता पण लागतो, पण दोन नंबरवर. डॉक्टर म्हणाले राहू द्या.

शेवटचं, कागद. सगळे एका फायलीत, झेरॉक्स दोन-दोन. अपघाताच्या दिवसाचा जुना कागद सापडत नसेल तर त्या दवाखान्याच्या रेकॉर्डला अर्ज करा, आमचा आजीच्या पेटीत साड्यांखाली सापडला, घडीवर फाटलेला. त्याला सेलोटेप मारू नका, शाई पुसते. आधी मोबाइलवर फोटो काढा.